चिकटआत्या आणि सतरा पाट्या

हे मी लिहिणारच नव्हते. खरंच. दोनदा लिहायला घेतलं आणि दोनदा पुसलं, कारण आत्याने दम दिला होता, "माझ्यावर एक ओळ जरी लिहिलीस ना, तुझ्या फोनला सिमेंट लावून ठेवीन." आणि ती लावेल. तिच्याकडे आहे. पण शनिवारी जे झालं त्यानंतर माझ्या पोटात ते राहीना, आणि माझ्या पोटात काही राहत नाही हे घरात सगळ्यांना माहीत आहे, म्हणूनच ती मला टकळी म्हणते. शेवटी तीच वैतागून म्हणाली, "लिही बाई, पण सरळ लिही. रडत लिहू नकोस." सरळ लिहिते. रडण्याचं काही सांगता येत नाही.

तर आत्या. बाबांची मोठी बहीण. जुन्या सिनेमांची लायब्ररी असते ना, जिथे पुस्तकांऐवजी फिल्मचे डबे ठेवलेले असतात, तिथल्या तळघरात तिने अडतीस वर्षं फिल्म जोडली. फिल्म तुटते, फाटते, कडेची भोकं उसवतात. मग ती पट्टी टेबलावर घ्यायची, खराब तुकडा कापायचा, टोक हलकं खरवडायचं, एक थेंब सिमेंट लावायचं, दोन टोकं एकावर एक दाबून दहापर्यंत मोजायचं. झाला सांधा. हे सिमेंट म्हणजे घर बांधायचं नव्हे, फिल्म चिकटवायचं, बाटलीत असतं आणि त्याचा वास आत्याच्या केसांना अजून येतो. म्हणून लायब्ररीत तिचं नाव चिकटआत्या. एखादं काम धरलं की सोडत नाही, हेही कारण असेल, पण ते तिच्या तोंडावर कुणी बोलत नाही.

बाविसाव्या वर्षी ती तिथे लागली. मुलाखतीत तिला एकच प्रश्न विचारला. तेव्हाच्या साहेबांच्या डोळ्याला कायम भिंग लावलेलं असायचं, त्यांना सगळे दुर्बीणसाहेब म्हणायचे. ते म्हणाले, "हात दाखवा." तिने दाखवले. त्यांनी तळवा दाबून पाहिला आणि म्हणाले, "घाम येत नाही. सोमवारपासून या." बस. माझ्या तळव्यांना बोलता बोलता पाणी सुटतं, म्हणजे माझं करिअर तिथेच संपलं.

घरात ती कशी आहे सांगू? टीव्हीवर काहीही लागलेलं असो, ही मध्येच म्हणणार, "इथे कापलंय." आम्ही रडत असतो, नायिका मरत असते, आणि ही, "बघ, हात आधी डावीकडे होता." सातवीत मी माझं प्रगतीपुस्तक रागाने फाडलं होतं. आत्याने ते असं जोडलं की बाबांनी सही केली तरी त्यांना पत्ता नाही. आता हे वाचून लागेल. सॉरी बाबा.

आता त्या सिनेमाबद्दल. मूकपटांच्या काळातला आहे. डब्यावरचं लेबल फाटून गेलंय, त्यामुळे नाव कुणालाच माहीत नाही, सगळे त्याला छत्रीचा सिनेमा म्हणतात. गोष्ट साधी. नदीवर होडीचा धक्का आहे, तिथे एक तिकीटवाला. पलीकडच्या काठावर शिवणकामाला जाणारी एक मुलगी, रोज हातात पेटी घेऊन येते. दोघांचं जुळतं. मग घरचे तिला दूर मावशीकडे पाठवायचं ठरवतात. शेवटच्या दृश्यात ती बोटीत चढते, तिकीटवाला हातात काळी छत्री घेऊन धावत येतो, काहीतरी बोलतो, ती काहीतरी बोलते, आधी हसते, मग रडते, आणि बोट निघून जाते. तो छत्री घेऊन उभा. समाप्त.

मूकपटात माणसं बोलतात तेव्हा मध्ये पाटी येते ना, लिहिलेली? या सिनेमात एकही पाटी नाही. एकही! आणि ह्याच गोष्टीवर आमच्या सरांनी अख्खं पुस्तक लिहिलंय. सर म्हणजे आमचे सिनेमाचे प्राध्यापक. त्यांचं म्हणणं असं की हा दिग्दर्शक काळाच्या कितीतरी पुढे होता, त्याने शब्द मुद्दाम नाकारले, कारण प्रेमाला शब्द लागत नाहीत. पहिल्या भेटीत दोघं रांगेत एकमेकांकडे बघत राहतात, त्या नजरेवर सरांची बारा पानं आहेत. छत्रीवर वेगळं प्रकरण. छत्री म्हणजे समाजाचं छत्र, जे तो तिला देऊ शकत नाही. मी त्यावर निबंध लिहिला होता. "अबोल छत्री." पहिलं बक्षीस. मी तो वाचताना स्वतःच रडले होते, आता सांगायला काय हरकत आहे.

तर या सिनेमाचा खेळ शनिवारी लायब्ररीच्या छोट्या हॉलमध्ये ठरला. सर बोलणार, आणि ही फिल्म जिने वाचवली त्या आत्याचा सत्कार. कारण चाळीस वर्षांपूर्वी ही फिल्म तुकड्यांत आली होती, आणि ती जोडली आत्याने, नोकरीच्या पहिल्याच महिन्यात. शिवाय खेळानंतरच्या सोमवारी मूळ निगेटिव्ह, म्हणजे आत्याने जोडलेली तीच पट्टी, कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची होती. मग तिच्या प्रती बाहेरच्या लायब्रऱ्यांना जाणार आणि मूळ डबे थंड खोलीत कायमचे बंद. सरांनी मला आत्याची ओळख लिहून आणायला सांगितली. मी म्हटलं, हे तर घरचंच काम.

आदल्या रविवारी तिच्या घरी गेले. ती ओट्याजवळ भांडी घासत होती.

"आत्या, सत्काराला काय नेसणार?"

"मी येणार नाही."

"असं काय करतेस? तू वाचवलीस ना ती फिल्म!"

"टकळे, तो बशीवरचा हात काढ."

मग मी तिला खूश करायला माझा निबंध मोठ्याने वाचायला लागले. "दिग्दर्शकाने इथे शब्दाला दारातूनच परत पाठवलं आहे..." इतकं वाचलं आणि आत्या हसायला लागली. हसता हसता बशी सुटली, नळ तसाच वाहता, आणि ती स्टुलावर बसली. बघते तर डोळ्यांत पाणी.

"काय झालं गं?"

"दिग्दर्शकाने नाही पाठवलं," ती म्हणाली. "मी पाठवलं."

ती आत गेली आणि कपाटातून खोकल्याच्या गोळ्यांची एक जुनी डबी घेऊन आली. डबीत टिपकागद, आणि त्याच्या घड्यांमध्ये फिल्मच्या नखाएवढ्या चौकटी, एकेका चित्राचे सुटे तुकडे. सतरा. तिने माझ्या हातात हातमोजे दिले, मग भिंग दिलं आणि म्हणाली, "उजेडाकडे धर."

मी धरलं. मुंगीएवढी अक्षरं होती. "बाई, ही रांग सामानाची आहे."

मला आधी काही कळलंच नाही. मग एकदम कळलं. बारा पानं! दोन आत्म्यांची ओळख! आणि तो माणूस तिला सांगतोय की चुकीच्या रांगेत उभी आहेस!

दुसरी उचलली. "मग मला सामान समजा."

मी किंचाळले. शेजारच्या काकूंनी खिडकी उघडून बघितलं.

झालं होतं असं. फिल्म महाग, म्हणून मूळ निगेटिव्हमध्ये प्रत्येक पाटीची एकच चौकट ठेवायचे. प्रत काढताना ती एक चौकट ताणून पाच-सहा सेकंदांची करायची. जाणकाराला हे माहीत. पण आत्याला लागून तेव्हा तीन आठवडे झाले होते. साहेबांनी सांगितलेलं, खराब चौकट दिसली की काप. हिला चांगल्या चित्राच्या मध्येच एक पांढरट चौकट दिसली, त्यात काळं काहीतरी. तिला वाटलं, प्रयोगशाळेवाल्यांची खूण राहिली असेल. कापली. पुढे अजून एक. कापली. अशा एकोणीस कापल्या, आणि सांधे इतके सफाईदार मारले की दुर्बीणसाहेबांनी पाठ थोपटली.

"मग कळलं कधी?"

"तीन महिन्यांनी दुसरी फिल्म आली. साहेब म्हणाले, हे बघा, ही एकेक चौकट म्हणजे पाटी, हिला जिवापाड जपायचं.  तशीच रद्दीच्या पेटीकडे धावले. ती वर्षअखेरीला रिकामी करायचे, म्हणून वाचले. सतरा सापडल्या. दोन गेल्या. कुणाच्या तरी चपलेला चिकटून गेल्या असतील."

"आणि सांगितलं नाहीस?"

"तेव्हा मी सहा महिन्यांच्या बोलीवर होते. माझ्या आधीच्या मुलीच्या हातून डबा पडला तर साहेबांनी तिला दुपारीच घरी पाठवलं होतं. मग नोकरी पक्की झाली, तेव्हा लाज वाटली. मग सगळे म्हणायला लागले, चिकटआत्याने आयुष्यात एक चौकट वाया घालवली नाही. मग काय बोलणार? आणि मग तुझ्या सरांचं ते पुस्तक आलं." तिने एकदाचा नळ बंद केला. "छान लिहिलंय गं त्यांनी. तीनदा वाचलं मी. प्रत्येक वेळी शेवटी ही डबी काढून बसले."

मी लगेच फोन काढला, सरांना सांगायला. तिने फोन हातातून काढून पिठाच्या डब्यावर ठेवला.

"थांब. तुझं हे असं असतं. आधी पाट्यांच्या जागा शोधून काढू. नुसतं रडून चूक सांगायची आणि घरी जायचं, असं मला जमायचं नाही. पण सोमवारी ती फिल्म उतरवली की संपलं. मग ती दोघं जगभर मुकीच राहणार. माझ्यामुळे."

हे "माझ्यामुळे" तिने इतक्या हळू म्हटलं की मी फोन परत मागितलाच नाही.

निवृत्तीनंतरही ती दर गुरुवारी लायब्ररीत जाते, नव्या मुलींना शिकवायला. त्या गुरुवारी मी सोबत गेले. तळघरात लांब टेबल, दोन्ही बाजूंना रिळं फिरवायचे हँडल, मध्ये खालून उजेड येणारी काच. थंडी अशी की माझी बडबड दातांतच अडकली. आत्याने निगेटिव्ह लावली, डोळे मिटले आणि पट्टी अंगठ्याखालून सोडायला लागली. मध्येच थांबायची. "हा माझा." पुढे. "हा नाही, हा आधीच्या कुणाचा, बघ कसा जाड मारलाय, लाज नाही." पुढे. "हा माझा." चाळीस वर्षांपूर्वीचा स्वतःचा सांधा तिला बोटाला कळत होता! एकोणीसच्या एकोणीस सापडले.

आता कुठली पाटी कुठे? इथे आमची खरी जुंपली. मी "हळू बोल, आई झोपली आहे" ही पाटी होडीतल्या दृश्यात घातली.

"होडीत आई कुठून आली?"

"मागे ती बाई बसलीय ना पेंगत!"

"ती कोळीण आहे, टकळे. टोपली दिसत नाही? निबंधाला बक्षीस कोणी दिलं तुला?"

"उद्या पुन्हा चुकीच्या रांगेत ये," ही मात्र दोघींनी एकदम एकाच जागेवर ठेवली. काय माणूस आहे तो तिकीटवाला! मला असं कुणी म्हटलं तर मी जन्मभर सामानाच्या रांगेत उभी राहीन.

संध्याकाळपर्यंत सतरांच्या जागा कागदावर ठरल्या, चिकटवायच्या मात्र परवानगी मिळाल्यावरच. दोन सांधे रिकामे राहिले. एक, तो धक्क्यावरच्या बाकावर तिला काही सांगतो आणि ती खूप वेळ पाण्याकडे बघते, तिथला. दुसरा, खिडकीशी आई तिला काहीतरी म्हणते, तिथला.

आता सांगायचं कुणाला, तर लायब्ररीच्या मुख्य बाईंना. आणि या मुख्य बाई म्हणजे एकेकाळी आत्याच्याच हाताखाली शिकलेल्या! आत्याने जिला सर्वांत जास्त बोलणी बसवली ती हीच. आत्या दारात उभी राहिली. पदर सारखा केला, परत सारखा केला. मी मागून ढकललं.

आत्याने डबी टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. एका दमात. मुख्य बाईंनी एकेक चौकट भिंगाखाली पाहिली.  मग त्या म्हणाल्या,

"आत्या, मी एकदा एक चौकट उलटी जोडली होती, आठवतं? तुम्ही माझ्याशी तीन दिवस बोलला नव्हतात."

"चार," आत्या म्हणाली.

"चार. आणि मी रोज बाथरूममध्ये जाऊन रडायचे."

"माहीत होतं मला."

"माहीत होतं?!"

"मीही तिथेच रडून आले होते ना, तुझ्या आधी वीस वर्षं. तुझी चूक दिसली की मला माझ्या एकोणीस आठवायच्या. तुला ओरडले ते खरं स्वतःलाच ओरडत होते."

मुख्य बाई उठल्या, खिडकीकडे गेल्या, नाक पुसलं आणि परत येऊन एकदम अधिकाऱ्याच्या आवाजात म्हणाल्या, "सोमवारचं काम पुढे ढकलते. महिनाअखेरीला करू, पाट्यांसकट. पण शनिवारी सरांना तुम्ही सांगायचं. मी नाही. मला त्यांची भीती वाटते."

शनिवार. हॉल भरलेला. सर चाळीस मिनिटं बोलले, शब्द नाकारण्यावर. मी पहिल्या रांगेत बसून घामाने भिजले. मग ते म्हणाले, "आता ज्यांच्या हातांनी हे मौन जपलं, त्या बाई दोन शब्द बोलतील."

आत्या उठली. हातात डबी. माईक उंच होता, तिने तो वाकवला नाही, स्वतःच टाचा उंचावल्या.

"सर, मौन मी जपलेलं नाही. मी केलंय. कात्रीने. तुमच्या दिग्दर्शकाने एकोणीस पाट्या लिहिल्या होत्या. मी नवी होते, कचरा समजून कापल्या. सतरा या डबीत आहेत. इतकी वर्षं बोलले नाही, भित्री होते. तुमचं पुस्तक चांगलं आहे, पण त्याचं कारण माझी चूक आहे. सत्कार नको. दिवे बंद करा, मी दाखवते."

 सरांचा चेहरा मला बघवेना, म्हणून मी बुटांकडे बघत होते. दिवे बंद झाले. आत्या पडद्याच्या बाजूला खुर्ची घेऊन बसली.

सिनेमा सुरू झाला. रांग आली. ती प्रसिद्ध नजर आली. चित्र किंचित लवलं, पापणी लवते तेवढंच, तिथे आत्याचा सांधा होता. आणि अंधारातून आत्याचा आवाज आला, "बाई, ही रांग सामानाची आहे."

 मग "मग मला सामान समजा," आणि अख्खा हॉल फुटला! लोक खुर्च्यांवर हात आपटत होते. पडद्यावरची ती मुलगी नेमकी तेव्हाच ओठ दाबून हसत होती. इतकी वर्षं आम्ही त्या हसण्याला काय काय नावं दिली होती, देवा!

आत्या डबी उघडतच नव्हती. सगळं पाठ होतं तिला. नाटकीपणा शून्य. तिकीटवाला बोलला की तिकीटवाल्याचं, मुलगी बोलली की मुलीचं, जसं कुणी स्वयंपाकघरातून हाक मारावी तसं. दोन रिकाम्या जागा आल्या तेव्हा ती गप्प राहिली.

मग शेवट. बोट. तो धावत येतो, छत्री हातात. चित्र लवलं.

"छत्री विसरलीस."

मुलगी हसते. चित्र लवलं. आत्याचा आवाज आला.

"मुद्दाम."

मग ती रडते. बोट जाते. आणि तो छत्री घेऊन उभा. अहो, तो हरलेला नाहीच! त्याच्याकडे तिच्याकडे जायचं कारण आहे! मी हुंदके देत होते, शेजारची एक अनोळखी बाई माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके देत होती, आणि आम्ही दोघी हसतही होतो.

दिवे लागले. सर उठले.  ते आत्याजवळ गेले, चष्मा काढला, पुसला, घातला.

"बाई, त्या दोन जागी, जिथे पाटी नाही, तिथे तरी दिग्दर्शकाने मुद्दाम..."

"नाही हो सर," आत्या म्हणाली, "त्या मी हरवल्या."

आधी सर हसले. खरंच, आधी सरच. मग सगळे. नंतर ते तिच्याशेजारी खाली पायरीवर बसून एकेक पाटी भिंगातून बघत राहिले, आणि "सामान समजा"वर त्यांनी असा हात कपाळावर मारला की मला ते पहिल्यांदा माणूस वाटले. मी माझं बक्षीस परत देऊ का विचारलं. म्हणाले, "परत काय देतेस, परत लिही."

तर आता ऐका. महिनाअखेरीला ती निगेटिव्ह कॉम्प्युटरवर उतरणार, सतरा पाट्या आपापल्या जागी बसणार, आणि मग डबे थंड खोलीत जाणार. त्यानंतर ती पट्टी कुणालाच हाताळता येणार नाही. तोपर्यंत दर गुरुवारी अकरा ते चार आत्या तळघरात त्या लांब टेबलापाशी आहे. कुणीही गेलं तरी ती काचेवर त्या दोन रिकाम्या जागा दाखवणार आणि विचारणार, "तुला काय वाटतं, इथे काय म्हणाला असेल तो? आणि इथे तिची आई?" लिहून ठेवायला नाही, तसं खोटं काही ती घालणार नाही. तिला नुसतं ऐकायचंय. शनिवारी खेळानंतर तिथल्या रखवालदाराने जे उत्तर दिलं ते ती रविवारभर सगळ्यांना सांगत होती. मी इथे नाही सांगणार, तिच्याच तोंडून ऐका.

जिना उतरून डावीकडचं दुसरं दार. हात धुऊन जा, नाहीतर आत्या आधी तेच विचारेल. आजीला न्या, मैत्रिणीला न्या, ज्याच्याशी भांडण झालंय त्याला तर नक्की न्या. पण जा. चारच गुरुवार उरलेत, आणि एक तर उद्याच आहे.